कंपवात आणि लोकलाज : एका मोजपट्टीचे परीक्षण

१

कोणतीही मोजपट्टी हाती आली म्हणजे तिच्याविषयी दोन प्रश्न विचारणे प्राप्त असते. ती प्रत्येक वेळी सारखेच माप देते काय, हा पहिला प्रश्न. आणि जे मोजते म्हणून ती सांगते तेच ती मोजते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर संख्याशास्त्राकडून मिळते. दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर मात्र मोजपट्टीतील शब्द वाचावे लागतात, आणि ते शब्द ज्या माणसाच्या कानी पडावयाचे त्याचे घर, त्याची पंगत व त्याची बोली ह्यांचाही विचार करावा लागतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराच्या, रुग्णांना सोसावी लागणारी लोकलाज मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीचे ह्या दुसऱ्या दृष्टीने परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणासाठी जळगाव व धुळे हे दोन जिल्हे डोळ्यांसमोर ठेविले आहेत. १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला हा खानदेश भाषेने एकजिनसी नाही. धुळ्याकडे व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी, जळगाव-यावल-रावेर ह्या पट्ट्यात लेवा समाजाची बोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा भागात भिल्ल व पावरा समाजाच्या बोली, आणि कचेरी व शाळा ह्यांतून प्रमाण मराठी, असा येथील व्यवहार आहे. परदेशी घडलेली मोजपट्टी जेव्हा अशा प्रदेशात येते, तेव्हा तिच्या सामर्थ्याची व मर्यादांची खरी कसोटी लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ही मोजपट्टी चारचौघांत वावरणाऱ्या रुग्णाची लाज मोजते, लाजेपायी ज्याने चारचौघांत जाणेच सोडले, त्याची लाज तिला मोजता येत नाही. परिणामी जेथे लोकलाजेने माणसावर पुरता विजय मिळविलेला असतो, नेमके तेथेच तिचे माप शून्याजवळ येऊन थांबते. हा दोष किरकोळ नव्हे, कारण अशा मापांवरच पुढे उपचारांचे व योजनांचे यशापयश ठरविले जाते.

२

प्रथम विकाराविषयी आवश्यक तेवढे सांगितले पाहिजे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ साली एका छोट्या निबंधात ह्या विकाराचे वर्णन केले. मेंदूच्या तळाकडील एका भागातील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि हालचालींची गती व सहजता ओसरू लागते, हे त्याचे मूळ पुढील काळात उलगडले. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, विश्रांतीच्या स्थितीत हात कापतो, पाऊल आखूड पडते, तोल जातो. १९६० नंतरच्या दशकात लेव्होडोपा हे औषध प्रचारात आले. त्याने लक्षणे बरीच आवरतात. मात्र काही वर्षांनी औषधाचा अंमल असलेले तास व अंमल उतरलेले तास असा दिवसाचा विभाग पडू लागतो. सर्वच रुग्णांचा हात कापतो असे नाही. तरीही आपल्याकडे ‘कंपवात’ हेच नाव रूढ आहे, व येथेही तेच वापरले आहे.

ह्या विकाराचे लोकलाजेशी इतके निकटचे नाते का असावे? त्याची लक्षणे नजरेस पडतात, हे एक कारण. परंतु त्याहूनही महत्त्वाचे कारण असे की, ती नजरेस पडतात आणि त्यांचा अर्थ भलताच लावला जातो. चेहऱ्याचे स्नायू ताठरले की चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. समोरचा सोयरा समजतो, ह्यांना आपले येणे रुचले नाही. आवाज खोल जातो. लोक समजतात, म्हाताऱ्याला अलीकडे ऐकू येत नाही किंवा समजत नाही. पाऊल अडखळते, बाजारात अनोळखी माणूस समजतो, हा दारू प्यालेला आहे. हात कापतो, पाहणारा समजतो, हा भ्याला किंवा ह्याच्या मनात काही काळेबेरे आहे. शरीराचे लक्षण अशा प्रकारे स्वभावाचे लक्षण ठरते. रोग्याला केवळ दुर्बल समजले जात नाही. त्याला गर्विष्ठ, व्यसनी किंवा बुद्धिमंद समजले जाते.

ह्या घटनेचे शास्त्रीय विवेचन प्रथम समाजशास्त्रज्ञांनी केले. एर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टिग्मा’ ह्या ग्रंथात, समाजाच्या लेखी माणसाची पत कमी करणाऱ्या खुणेचा विचार केला. ज्याची खूण उघड झालेली आहे तो, आणि ज्याची अद्याप उघड व्हावयाची आहे तो, असा भेद त्यांनी केला. कंपवाताचा रुग्ण ह्या दोहोंच्या सीमेवर असतो : औषधाच्या अंमलात तो खूण लपवू शकतो, अंमल उतरला की ती उघडी पडते. रोग्याच्या निकटच्या माणसांवरही त्या खुणेची छाया पडते, हेही गॉफमन ह्यांनी दाखवून दिले. १९८६ साली स्कॅम्बलर व हॉपकिन्स ह्यांनी अपस्माराच्या रुग्णांचा अभ्यास करताना आणखी एक भेद स्पष्ट केला : लोकांनी प्रत्यक्ष दिलेली वागणूक निराळी, आणि तशी वागणूक मिळेल ही मनातील धास्ती निराळी. ह्या धास्तीपायी माणूस आपला विकार लपवितो व माणसांत जाणे टाळतो. त्यामुळे प्रत्यक्ष अपमानाचे प्रसंग थोडे येतात, पण धास्ती मात्र आयुष्य पोखरीत राहते. हा निष्कर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

३

आता मोजपट्टीकडे वळू. ‘पार्किन्सन्स डिसीज क्वेश्चनेअर’, संक्षेपाने पीडीक्यू-३९, ही प्रश्नावली पेटो, जेंकिन्सन, फिट्झपॅट्रिक व त्यांचे सहकारी ह्यांनी ऑक्सफर्ड येथे तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत ३९ प्रश्न असून त्यांचे आठ गट आहेत : चालणे-फिरणे (१०), नित्यकर्मे (६), मनःस्वास्थ्य (६), लोकलाज (४), आधार (३), आकलन (४), संभाषण (३) व शारीरिक पीडा (३). प्रत्येक प्रश्न गेल्या एका महिन्यापुरता विचारला जातो. ‘कधीच नाही’ ह्या उत्तराला शून्य, आणि ‘नेहमी’ ह्या उत्तराला चार, असे गुण धरून प्रत्येक गटाचे माप शून्य ते शंभर ह्या श्रेणीत मांडतात. माप जितके मोठे तितकी स्थिती वाईट. आठही गटांच्या मापांची सरासरी काढली की रुग्णाच्या जीवनमानाचा एकच आकडा मिळतो.

ह्या प्रश्नावलीचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. रोग्याचे दुःख डॉक्टरच्या हातोडीने व घड्याळाने पुरते मोजले जात नाही, ते रोग्यालाच विचारले पाहिजे, ही भूमिका तिने दृढ केली. लोकलाजेला तिने एक स्वतंत्र गट दिला, ही गोष्टही लहान नव्हे. तिचा मसुदा रुग्णांशी बोलून ठरविला गेला होता. तेव्हा दोष कर्त्यांच्या हेतूत नाही. ज्या जीवनाकडे पाहून प्रश्न बेतले त्या जीवनाचा आकार त्यांना आला, आणि दुसऱ्या जीवनावर ते ठेविले असता सांधा जुळत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

लोकलाजेचे चार प्रश्न आशयाने असे आहेत : आपला विकार लोकांपासून लपवावा असे वाटले काय, लोकांसमोर खाणे-पिणे करावे लागेल असे प्रसंग टाळले काय, विकारामुळे लोकांत ओशाळवाणे वाटले काय, आणि इतरांना आपल्याविषयी काय वाटेल ह्याची चिंता लागली काय. ते एकेक करून वाचू.

पहिला प्रश्न लपविण्याचा. लपविणारा कोण, हे ह्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे : रुग्ण स्वतः. खानदेशातील एकत्र नांदणाऱ्या घरात विकार लपविण्याचा निर्णय पुष्कळदा रुग्णाचा नसतो. तो घराचा असतो. मुलीचे स्थळ पाहावयाचे आहे, पाहुणे येणार आहेत. अशा वेळी ज्याचा हात कापतो त्याला आतल्या खोलीत बसविले जाते. बसविणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. बहुधा भीती असते. अशा माणसाला ‘तुम्ही आजार लपवावा असे तुम्हांला वाटले का’ असे विचारले, तर ‘नाही’ हे त्याचे उत्तर अक्षरशः खरे असते. त्याने काहीच लपविलेले नाही. तोच लपविला गेला आहे.

दुसरा प्रश्न खाण्या-पिण्याचा. त्यामागे इंग्रजी जीवनातील उपाहारगृह, काटा-चमचा व चहाचा पेला उभे आहेत. तेथे माणूस आपल्या मेजावर आपल्या गतीने खातो. आपल्याकडील प्रसंग म्हणजे पंगत. लग्नाची, भंडाऱ्याची किंवा हिवाळ्यात शेतावर होणाऱ्या भरिताची पंगत असो. तीत हाताने जेवावयाचे असते, रस्सा भाकरीत कुस्करावयाचा असतो, आणि सगळी पंगत एकदमच उठते. ज्याचा हात मंद झाला आहे, त्याचे जेवण अर्ध्यावर असता शेजाऱ्यांची पाने रिकामी होतात. त्याच्यासाठी सर्वांनी खोळंबावे, किंवा त्याने उपाशी उठावे, असे दोनच मार्ग उरतात. तो दुसरा मार्ग धरतो. त्याने प्रसंग टाळला नाही. तो पंगतीला बसला आणि भुकेला उठला. ‘टाळले काय’ ह्या प्रश्नाला त्याचे उत्तर पुन्हा ‘नाही’ असेच येईल.

तिसरा प्रश्न लोकांत ओशाळे होण्याचा. येथे ‘लोकांत’ म्हणजे कोठे, हे पाहिले पाहिजे. घराबाहेरचे, अनोळखी माणसांचे स्थळ ह्या प्रश्नात अभिप्रेत दिसते. परंतु स्त्रियांच्या बाबतीत लाजेचे स्थळ पुष्कळदा घरातच असते. आयुष्यभर जिच्या कळण्याच्या भाकरीची वाखाणणी झाली, तिला आता भाकरी थापता येत नाही. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या नेताना तो हिंदकळतो, आणि सून तो हातातून काढून घेते. ती चुलीपाशी ओशाळते. मोजपट्टीच्या दृष्टीने मात्र चूल हे ‘लोकांतील’ स्थळ नव्हे, आणि तिचे गुण शून्य होतात.

चौथा प्रश्न इतरांच्या मताच्या चिंतेचा. हा चारींत सर्वांत मोकळा, व म्हणून सर्वांत उपयोगी म्हणावा लागेल. पण त्यालाही एक महिन्याची मर्यादा आहे. ज्याने तीन वर्षांपूर्वी बाहेर जाणे सोडले आणि आता मनाची समजूत घातली, त्याला ह्या महिन्यात चिंता कशाची? चिंता ही अद्याप लढणाऱ्याला असते.

४

ह्या वाचनाचा परिणाम आकड्यांत मांडून पाहू. पुढील दोन व्यक्ती उदाहरणासाठी कल्पिल्या आहेत. एक गृहस्थ कापणारा हात खिशात घालून दर आठवड्याला बाजाराला जातात, लग्नांना हजर राहतात, आणि जेथे जातात तेथे संकोचतात. त्यांचे चार प्रश्नांचे गुण २, २, ३ व ३ असे धरू. बेरीज १०, सोळांपैकी दहा म्हणजे माप ६२·५. दुसरे गृहस्थ दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. लपविण्याचा प्रश्न त्यांना पडत नाही, पंगतीचा प्रसंग येत नाही, लोकांत ओशाळण्यास लोकच नाहीत. क्वचित कोणी दारावरून गेले तर मन थोडे आकसते. गुण ०, ०, ० व १. माप ६·२५. मोजपट्टीचा निवाडा असा की, पहिल्याची लोकलाज दुसऱ्याच्या दसपट आहे.

येथे कोणी म्हणेल की, दुसऱ्या गृहस्थांनी टाळण्याच्या प्रश्नाला ‘नेहमी’ असे उत्तर द्यावयास हवे होते. ते तसे देतील असे मानू. मग गुण ०, ४, ० व १ होतात, आणि माप ३१·२५. तरीही ते पहिल्याच्या निम्मेच राहते. उत्तराच्या शेवटच्या रकान्यात ‘नेहमी’ बरोबरच ‘मुळीच जमत नाही’ असाही पर्याय छापलेला असतो. म्हणजे शरीर थकल्यामुळे एखादी गोष्ट अशक्य होते, हे कर्त्यांच्या ध्यानात होते. प्रसंगच नाहीसा होतो, ही शक्यता मात्र त्या रकान्यात बसत नाही.

हाच दोष काळाच्या अंगाने पाहिला असता अधिक गंभीर दिसतो. समजा, दुसऱ्या गृहस्थांच्या औषधांच्या वेळा कोणी नीट बसवून दिल्या, व्यायाम शिकविला, घरच्यांना समजावून सांगितले. सहा महिन्यांनी ते भाच्याच्या लग्नाला गेले. तेथे हात कापला, चार माणसांनी पाहिले, ते संकोचले. पण बसून राहिले, आणि परत आल्यावर पुढच्या लग्नाची तारीख विचारू लागले. आता मोजणी केली तर गुण १, २, २ व २ येतील, माप ४३·७५. सहा महिन्यांत लोकलाज सातपट झाली, असा अहवाल लिहिला जाईल. माणूस घराबाहेर आला ही ह्या उपक्रमाची फलश्रुती, आणि मोजपट्टी तिलाच अपाय म्हणून नोंदवील. उलटपक्षी, जो उपक्रम रुग्णाला घरातच सुखाने बसवून ठेवील तो ह्या मापाने यशस्वी ठरेल.

संक्षिप्त प्रश्नावलीत तर हे अधिकच घडते. पीडीक्यू-८ ह्या आठ प्रश्नांच्या रूपात प्रत्येक गटातील एकेकच प्रश्न ठेविला आहे. लोकलाजेसाठी ठेविलेला प्रश्न तिसरा, म्हणजे लोकांत ओशाळण्याचा. घरात कोंडल्या गेलेल्या माणसाला तोच प्रश्न सर्वांत कमी लागू पडतो. वेळ वाचावा म्हणून गर्दीच्या दवाखान्यांतून हेच संक्षिप्त रूप उचलले जाण्याचा संभव अधिक.

संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोट्या हा दोष उघडा पाडीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एकाच गटातील प्रश्नांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात, हे पाहून प्रश्नावलीची विश्वसनीयता ठरविण्याची रीत आहे. कोंडलेला रुग्ण चारही प्रश्नांना जवळजवळ शून्यच उत्तर देतो; म्हणजे त्याची उत्तरे परस्परांशी उत्तम जुळतात. अशा रुग्णांची भर पडली तर विश्वसनीयतेचा गुणांक घसरत नाही. तो वाढण्याचाच संभव. सर्व साक्षीदार एकच साक्ष देतात म्हणून ती खरी मानण्यासारखा हा प्रकार आहे. चौघेही एकाच बंद खोलीत बसलेले होते, हे कोणी विचारीत नाही.

५

आता भाषेचा प्रश्न. ‘स्टिग्मा’ ह्या शब्दासाठी मराठी शास्त्रीय लेखनात ‘कलंक’ हा शब्द रुळला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंगावर डागलेली खूण असा असल्याने कोशाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. परंतु मराठी कानाला ‘कलंक’ म्हणजे आचरणाचा डाग. तो कुळाला लागतो आणि कोणाच्या तरी अपराधाने लागतो. ‘आजारामुळे तुम्हांला कलंक लागला असे वाटते का’ असे एखाद्या वृद्धाला विचारणे म्हणजे, ज्या आरोपाचा त्याने विचारही केला नव्हता तो त्याच्या पुढ्यात ठेवणे होय. तो तत्काळ नाकारील, आणि त्या नकाराची नोंद ‘लोकलाज नाही’ अशी होईल. उलट ‘लाज’ हा शब्द घ्यावा, तर लाज हा आपल्याकडे गुणही मानला जातो. विशेषतः स्त्रीने ‘लाज वाटते’ म्हणणे ह्यात तक्रार नसून मर्यादाही असू शकते.

‘सार्वजनिक ठिकाणी’ ह्या शब्दप्रयोगाचेही तसेच. तो ऐकताच बसस्थानक, कचेरी आणि थुंकू नये अशी पाटी डोळ्यांपुढे येते. मराठी माणूस ज्याला ‘चारचौघांत’ म्हणतो ते स्थळ ह्याहून निराळे. चारचौघे म्हणजे अनोळखी गर्दी नव्हे. भाऊबंद, सोयरे, व्याही, गल्लीतील माणसे, पारावर बसणारे बरोबरीचे लोक, म्हणजे ज्यांच्या नजरेत माणसाने आयुष्यभर आपली पत राखिली ते, हे त्याचे चारचौघे. लाज सर्वांत तीव्र वाटते ती त्यांच्यापुढे. जळगावच्या गर्दीत कोणी ओळखत नाही म्हणून निर्धास्त हिंडणारा माणूस आपल्याच भावकीच्या बैठकीत जाण्यास कचरतो. अहिराणीत ‘लोके काय म्हनतीन’ असे जे सहज बोलले जाते, त्यातील ‘लोके’ हीच माणसे आहेत. लोकांनी ‘नाव ठेवणे’, आपण ‘तोंड चुकविणे’, चारचौघांत ‘अवघडणे’ हे शब्द भाषेत तयार आहेत. प्रश्न त्यांत विचारले तर ते रुग्णाला कळतील, आणि उत्तरही त्याच्या अनुभवातून येईल. भाषांतराची शुद्धता उलट भाषांतर करून तपासतात, ती रीत येथे अपुरी पडते : ‘सार्वजनिक ठिकाणी’ हा प्रयोग इंग्रजीत उलटविला तर मूळ शब्द तंतोतंत परत मिळतो, आणि तरीही प्रश्न भलत्याच स्थळाविषयी विचारला गेलेला असतो.

विचारावयाचे कोणापुढे, हाही भाषेचाच भाग. प्रश्नावली मूळची एकांतात स्वतः भरावयाची. आपल्याकडे ती वाचून दाखविली जाते. वाचणारा तरुण कार्यकर्ता, आणि भोवती मुलगा, सून व नातवंडे. सासरा सुनेपुढे आपल्या संकोचाविषयी काय बोलणार? त्यातून विकाराने आवाज खोल गेलेला, दोनदा ऐकू आले नाही की मुलगाच म्हणतो, “तसं काही नाही, आम्ही सगळे सांभाळून घेतो.” ते उत्तर रुग्णाच्या नावावर नोंदले जाते.

६

मोजणीच सोडून द्यावी, असा ह्याचा अर्थ नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसा मंजूर होत नाही व माणूसही नेमला जात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने अपंगत्वाचे जे २१ प्रकार मानले, त्यांत कंपवाताचा समावेश झाला आहे. परंतु त्याखालील महत्त्वाच्या सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी विकार उघड करून तपासणीला जावे लागते. लोकलाजेची पहिली मागणीच अशी की, उघड करू नये. तेव्हा हक्क आणि हक्कदार ह्यांच्यामध्ये ती कितपत उभी आहे, हे मोजल्याशिवाय कायद्याचा लाभ कोणापर्यंत पोचला नाही ते समजणार नाही.

सुदैवाने अधिक योग्य साधनाचे धागे आपल्याच भूमीत सापडतात. लोकलाजेच्या मोजणीचा दीर्घ अनुभव आपल्याला कुष्ठरोगाने दिला आहे. मिचेल वाइस व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून ‘ईएमआयसी’ ही मुलाखतपद्धती घडविली. तिचे वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले. विकारामुळे घरातील इतरांच्या लग्नात अडचण येईल काय, असा प्रश्न तीत आहे; म्हणजे लाज घराची असते, हे तिला ठाऊक आहे. रुग्णाला विचारावयाचे प्रश्न आणि गावातील इतरांना विचारावयाचे प्रश्न असे तिचे स्वतंत्र संचही पुढे वापरात आले. दुसरे साधन ‘पार्टिसिपेशन स्केल’ ह्या नावाचे, १८ प्रश्नांचे. ते नेपाळ, भारत व ब्राझील येथील कामातून सिद्ध होऊन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याची युक्ती साधी आहे : तुमच्या बरोबरीची माणसे सणासमारंभांत जेवढा भाग घेतात, तेवढा तुम्ही घेता काय? येथे ओशाळण्याचा प्रश्नच नाही. जो गेलाच नाही तो ह्या प्रश्नात ताबडतोब दिसतो.

मात्र हेही साधन कंपवाताला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. कंपवाताचा रुग्ण लग्नाला जात नाही तो पाय उचलत नाही म्हणून, की लोक पाहतात म्हणून? सहभाग नाही एवढ्यावरून लोकलाज सिद्ध होत नाही. तसे मानले तर आपण विरुद्ध दिशेची चूक करू. ह्यावर उपाय आकडेमोडीत नाही, तर पुढचा प्रश्न विचारण्यात आहे : न जाण्याचे कोणी ठरविले, आणि कशामुळे?

ह्या सर्व विवेचनावरून खानदेशात करावयाच्या मोजणीसाठी आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, एक महिन्याची मर्यादा सोडून वर्षाच्या दिनदर्शिकेवरून विचारावे. लगीनसराई, आखाजी, पोळा, कानबाई, आठवडे बाजार, भावकीतील मयत : ह्यांपैकी प्रत्येक प्रसंगी विकारापूर्वी जात होता काय, आता जाता काय? स्त्रियांना आखाजीला माहेरी गेलात काय, असे विचारले की एका प्रश्नात पुष्कळ उलगडते. दुसरी, ‘नाही’ ह्या प्रत्येक उत्तरापुढे कारण नोंदवावे : शरीर, स्वतःचा संकोच, घरच्यांचा निर्णय की अन्य काही. तिसरी, शून्य हे एकच उत्तर न मानता त्याचे दोन भाग करावेत; गेलो व संकोच वाटला नाही, हे एक शून्य, आणि गेलोच नाही, हे दुसरे. ही दोन शून्ये बेरजेत एकत्र करू नयेत. चौथी, रुग्णाला एकट्याला, औषधाचा अंमल असलेल्या तासांत, त्याच्या बोलीत विचारावे. आणि घरच्यांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण त्यांच्याही वाट्याला लाज आलेली असते व तिची दखल घेतल्याशिवाय ती आतल्या खोलीचे दार उघडणार नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक प्रदेशाने आपापली मोजपट्टी केली तर ऑक्सफर्डचे माप धुळ्याच्या मापाशी ताडून कसे पाहावयाचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मूळचे चार प्रश्न टाकून द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. ते विचारावेत, त्यांचे माप स्वतंत्र मांडावे, परंतु सहभागाच्या नोंदीवाचून ते एकटे कधीही छापू नये. तुलनेसाठी साम्य हवे हे खरे. पण दोन ठिकाणचे शून्य जर दोन निराळ्या गोष्टी सांगत असेल, तर त्या साम्यातून तुलना होत नाही, तुलनेचा भास होतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. रोटासाठी धान्य घेताना अनेक घरांत पुरुषांच्या संख्येप्रमाणे मुठी मोजण्याची चाल आहे. आतल्या खोलीत बसलेल्या माणसाचीही मूठ त्यांत पडते. तो पंगतीत आला की नाही ह्यावर ती अवलंबून नसते. शास्त्रीय मोजणीने निदान एवढे तरी साधावे. जो समोर आला त्याचे दुःख मोजणे सोपे आहे. जो आला नाही त्याचे नाव प्रथम यादीत घ्यावे, मग तो का आला नाही ते विचारावे, आणि हे झाल्यावरच त्याच्यापुढे आकडा लिहावा.